एकशृंगाच्या मागावर : बडोद्याच्या पोथ्या, कच्छच्या मुद्रा आणि गोव्याहून निघालेला गेंडा

एकशृंग म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र घोडा आणि त्याच्या कपाळावरचे पिळदार शिंग उभे राहते. हे चित्र युरोपात घडले आणि तेथूनच बालपुस्तकांत व खेळण्यांत शिरले. मात्र या प्राण्याचा माग काढू लागले की वाट पुन:पुन्हा भारताकडे वळते. त्याची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी चित्रे सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आहेत. ग्रीकांनी त्याचे पहिले वर्णन लिहिले तेही ‘भारतातील प्राणी’ म्हणूनच. मस्तकावर शिंग घेऊन जन्मलेल्या ऋषीची कथा भारतातून निघून जपानच्या रंगभूमीपर्यंत पोहोचली.

या साऱ्या शोधात एका शहराचे नाव वारंवार येते, ते म्हणजे बडोदे. ऋष्यशृंगाची कथा ज्यात आहे त्या वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात सिद्ध झाली. एकशृंगाची एक अतिशय वेगळी मुद्रा बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या उत्खननात हाती लागली. युरोपच्या कल्पनेतील एकशृंगाला प्रत्यक्ष गेंड्याशी ताडून पाहण्याची संधी ज्या प्राण्याने दिली, तो बडोद्याजवळील चांपानेर ही ज्याची राजधानी होती त्या सुलतानाने भेट दिलेला होता. त्याचे जहाज सुटले ते गोव्याच्या बंदरातून.

मुद्रांवरचा पशू

सिंधू संस्कृतीच्या नागर काळात, म्हणजे साधारणपणे इ. स. पूर्व २६०० ते १९०० या सात शतकांत, शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेल्या चौकोनी मुद्रा प्रचारात होत्या. त्यांवर हत्ती, वाघ, गेंडा, रेडा, वशिंडाचा बैल असे प्राणी दिसतात. सर्वांत अधिक वेळा मात्र या ओळखीच्या प्राण्यांपैकी कोणीही दिसत नाही. दिसतो तो एकाच शिंगाचा, सडपातळ बांध्याचा, बैलासारखा पशू. अशा हजाराहून अधिक मुद्रा आजवर सापडल्या आहेत. पशूच्या खांद्यावर झुलीसारखे किंवा खोगिरासारखे काही रेखलेले असते, मानेवर वळ्या असतात आणि मुखापुढे खांबावर बसवलेले एक दुमजली पात्र असते. हे पात्र म्हणजे गव्हाण, धूपदान की एखादा विधी करण्याचे उपकरण, याविषयी एकमत नाही. सिंधू लिपीचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी ते पवित्र पेय गाळण्याचे साधन असावे आणि त्याचा संबंध सोमरसाशी असावा, असे मत मांडले होते.

या पशूची आधुनिक जगाशी पहिली भेट १८७५ साली झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी हडप्पा येथे मिळालेली एक मुद्रा आपल्या अहवालात प्रसिद्ध केली. तीवरचा प्राणी त्यांना बैल वाटला; पण त्याला वशिंड नसल्याने ही मुद्रा भारतीय नसावी, असा तर्क त्यांनी केला. जवळजवळ अर्धशतकानंतर दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे आणि राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन केले. १९२४ मध्ये सर जॉन मार्शल यांनी एका नव्या संस्कृतीचा शोध लागल्याचे जाहीर केले, तेव्हा कुठे त्या मुद्रेचे मूल्य ध्यानात आले.

हा खरोखर एकाच शिंगाचा प्राणी आहे काय, हा प्रश्न तेव्हापासूनच विचारला जातो. बैल बाजूने पाहिला तर एका शिंगाआड दुसरे लपते; तेव्हा हे केवळ एका बाजूने काढलेले चित्र असावे, असे काहींचे म्हणणे होते. या तर्काला दोन अडचणी आहेत. पहिली अशी की त्याच मुद्रा कोरणाऱ्या कारागिरांनी वशिंडाच्या बैलाला आणि रेड्याला दोन्ही शिंगे स्पष्ट दाखवली आहेत. दुसरी अधिक निर्णायक आहे. चन्हुदडो आणि हडप्पा येथे मातीच्या अशा छोट्या मूर्ती मिळाल्या आहेत की ज्यांच्या मस्तकाच्या मध्यावर एकच शिंग आहे. त्यामुळे सिंधूजनांना एकशृंगाचीच कल्पना अभिप्रेत होती, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. हा पशू म्हणजे गेंडा, असेही म्हणता येत नाही. गेंडा त्यांना ठाऊक होता. त्याची जाड, घड्या पडलेली कातडी आणि नाकावरचे आखूड शिंग त्यांनी वेगळ्या मुद्रांवर हुबेहूब कोरले आहे.

बगसराची मुद्रा

सिंधू संस्कृतीची स्थळे पंजाब व सिंधमध्येच असणार, हा समज गुजरातेतील उत्खननांनी दूर केला. लोथल येथे १९५५ पासून शि. र. राव यांच्या मार्गदर्शनाखाली काम झाले. राव यांनी आपल्या कारकिर्दीत बडोदे संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यात काम केले होते. पुढे दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी सागरी पुरातत्त्वाचा पाया घातला, त्यामुळे गोव्यालाही त्यांचे नाव परिचित आहे. लोथल आणि नंतर धोलावीरा या दोन्ही ठिकाणी एकशृंगाच्या मुद्रा मिळाल्या.

बडोद्याच्या विद्यापीठाची स्थापना १९४९ ची आणि तेथील पुरातत्त्व विभाग त्यापाठोपाठचा. बेंडापुडी सुब्बाराव यांनी उभा केलेल्या या विभागाने गुजरातभर हडप्पाकालीन वसाहतींचा शोध घेतला. त्यांतील एक म्हणजे कच्छच्या आखाताच्या कडेची बगसरा, अर्थात गोला धोरो, ही छोटी टेकडी. १९९६ ते २००५ या काळात के. के. भान, व्ही. एच. सोनवणे, पी. अजितप्रसाद आणि एस. प्रतापचंद्रन यांनी तेथे उत्खनन केले. गाव म्हणावे तर इतके लहान, की त्याचे एकूण क्षेत्र दोन हेक्टरांच्या आतच भरते. पण भोवती तटबंदी आणि आत शंखाच्या बांगड्या, अकीक व इतर रंगीत दगडांचे मणी, तसेच काचसदृश लुकण चढवलेल्या वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा होत्या. कच्च्या मालाचे साठेही जसेच्या तसे सापडले.

अशा या कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वस्तीत एकशृंगाची एक मुद्रा मिळाली. तिचे वेगळेपण असे की ती भरीव नाही. तिच्या आत पोकळ कप्पा कोरलेला आहे आणि लेख केवळ पशूच्या वर नसून तिच्या कडांवरही आहेत. कप्प्यात काय ठेवले जात असावे, हे मुद्रा सांगत नाही. परंतु एकशृंगाचे चिन्ह कोणाच्या हातात होते, याचा अंदाज अशा स्थळांवरून करता येतो. मालाच्या गाठोड्यावर ओल्या मातीचा गोळा लावून त्यावर मुद्रा उठवली जाई. मोहेंजोदडोपासून कच्छपर्यंत तोच पशू, तेच पात्र आणि तीच मांडणी आढळते. यावरून हे चिन्ह एखाद्या व्यापारी अथवा अधिकारी समूहाचे असावे, असे मत मांडले जाते. इ. स. पूर्व १९०० च्या सुमारास नगरे ओस पडू लागली, तेव्हा मुद्रांबरोबर हा पशूही नाहीसा झाला. बैल, हत्ती, वाघ पुढच्या भारतीय कलेत परतले. हा पशू त्या रूपात परतला नाही.

घोडा की एकशृंग?

मुद्रेवरच्या चित्राचा अर्थ लावणे हे केवळ हौसेचे काम नाही, याचे प्रत्यंतर २००० साली आले. सिंधू लिपी उलगडल्याचा दावा करणाऱ्या दोघा लेखकांनी आपल्या पुस्तकात एका मुद्रेचे चित्र घोडा म्हणून छापले. सिंधूजनांना घोडा परिचित होता काय, या प्रश्नावर वैदिक संस्कृती आणि सिंधू संस्कृती यांच्या परस्परसंबंधाचा मोठा वाद अवलंबून असल्याने त्या चित्राला अतोनात महत्त्व आले. मायकेल विट्झेल आणि स्टीव्ह फार्मर या अभ्यासकांनी मूळ छायाचित्रे शोधून काढली आणि ‘फ्रंटलाइन’ पाक्षिकात ती शेजारी शेजारी छापून दाखवली. मूळ मुद्रा अर्धी तुटलेली होती. तिच्यावर पशूचा मागचा भाग तेवढा शिल्लक होता. त्याच शैलीतील अखंड मुद्रांशी ताडून पाहता तो उघडपणे एकशृंगाचा होता. संगणकावर बदललेल्या चित्रामुळे त्याचा घोडा झाला होता.

या प्रकरणाने एक साधा धडा दिला. तुटक्या पुराव्याला आपल्याला हवा तो आकार देणे सोपे असते. मूळ वस्तू, तिचे उत्खननातील स्थान आणि तिच्या जातीच्या इतर वस्तू यांच्याशी पडताळा घेतल्याशिवाय तो आकार टिकत नाही. बडोद्यात पोथ्यांच्या बाबतीत नेमके हेच काम दीर्घकाळ चालले होते.

शिंग घेऊन जन्मलेला ऋषी

महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या प्रेरणेने बडोदे संस्थानात संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ १९१६ च्या सुमारास निघाली आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर ही स्वतंत्र संस्था आकाराला आली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू असताना, १९५१ च्या सुमारास बडोद्याने रामायणाचे काम हाती घेतले. देशभरच्या आणि नेपाळातल्या, निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या गोळा झाल्या. त्यांत १०२० सालची नेपाळी ताडपत्राची पोथीही होती. गो. ह. भट्ट यांनी संपादिलेले बालकांड १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे उमाकांत शाह यांच्या देखरेखीखाली १९७५ मध्ये उत्तरकांडाने हा प्रकल्प पूर्ण झाला.

बालकांडाच्या आरंभीच ऋष्यशृंगाची कथा येते. अंगदेशात अवर्षण पडते. विभांडक ऋषीचा पुत्र ऋष्यशृंग राज्यात आला तर पाऊस पडेल, असे राजा रोमपादाला सांगण्यात येते. अरण्यात वाढलेल्या या तरुणाने स्त्री कधी पाहिलेलीच नसते. गणिका त्याला फळांच्या मिषाने मिठाई देतात, आपल्याबरोबर नेतात आणि त्याचे पाऊल राज्यात पडताच मेघ बरसू लागतात. राजकन्या शांता त्याला दिली जाते. पुढे दशरथाच्या पुत्रकामेष्टीसाठी याच ऋषीला पाचारण होते. म्हणजे रामजन्माच्या आधीची एक महत्त्वाची कडी या शिंगवाल्या ऋषीपाशी आहे.

रामायणात शिंगाला फारसे स्थान नाही; नावातच ते उरले आहे. महाभारताच्या वनपर्वात मात्र लोमश ऋषी युधिष्ठिराला हीच कथा सांगतात, तेव्हा त्याचे कारण दिले जाते. विभांडकाचे रेत मिसळलेले पाणी एका हरिणीने प्राशन केले आणि तिच्या पोटी हा पुत्र जन्मला. त्याच्या मस्तकावर शिंग होते, म्हणून तो ऋष्यशृंग. ‘ऋश्य’ ही हरिणवर्गातील एका प्राण्याची संज्ञा आहे. जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी १८९७ मध्ये या कथेच्या विविध पाठांची तुलना केली. मूळ कथेत ऋषीला भुलवून आणणारी गणिका नसून स्वतः राजकन्याच असावी, असे त्यांनी दाखवले. पाली जातकांत तसेच घडते. नळिनिका जातकात राजकन्याच अरण्यात जाते. ‘महावस्तु’ या बौद्ध ग्रंथात ऋषीचे नावच एकशृंग आहे.

सिंधू मुद्रांवरचा एकशृंग आणि हा ऋषी यांच्यात काही धागा असावा, असे मत फिनलंडचे सिंधुविद् आस्को पार्पोला यांनी मांडले आहे. मुद्रा आणि ग्रंथ यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर असल्याने हा दुवा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. कथेचा गाभा मात्र स्पष्ट आहे. शिंग हे आवरून ठेवलेल्या तेजाचे चिन्ह आहे, आणि ते तेज मोकळे झाले की पाऊस पडतो.

गोव्याहून दक्षिणेला, कर्नाटकातील शृंगेरीचे नाव याच ऋषीशी जोडले जाते. जवळच्या किग्गा येथील ऋष्यशृंगेश्वराच्या मंदिरात आजही पावसासाठी प्रार्थना होते.

जपानचा इक्काकू सेन्निन

बौद्ध ग्रंथांबरोबर ही कथा चीनमध्ये आणि तेथून जपानमध्ये गेली. तेथे ऋषीचे नाव झाले इक्काकू सेन्निन, म्हणजे शब्दशः ‘एकशिंगी तपस्वी’. जपानी कथेत तो रागाच्या भरात पाऊस पाडणाऱ्या नागदैवतांना गुहेत कोंडून ठेवतो. दरबारातील एक सुंदर स्त्री येऊन त्याला मद्य पाजते, त्याचे सामर्थ्य ओसरते, नागदैवते सुटतात आणि वृष्टी होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील नाटककार कोंपारू झेनपो यांनी यावर नो नाटक रचले. काबुकी रंगभूमीवरील ‘नारुकामी’ हे प्रसिद्ध नाटकही याच कथेच्या वळणाचे आहे. अंगदेशातील दुष्काळाची कथा अशी बंगालच्या उपसागरापलीकडे गेली, तरी अवर्षण, तपस्वी, स्त्री आणि पाऊस ही तिची चौकट शाबूत राहिली.

मत्स्य, वराह आणि खड्ग

भारतीय परंपरेत एकच शिंग धारण करणारे दैवतही आहे. शतपथ ब्राह्मणातील प्रलयकथेत मनू आपल्या नौकेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो आणि तो मासा त्याला उत्तरेच्या पर्वताकडे नेतो. भागवतात हाच एकशृंगी मत्स्य विष्णूचा अवतार होतो आणि दोराच्या जागी वासुकी येतो. विष्णुसहस्रनामातील ‘महाशृंग’ या नामाचा अर्थ भाष्यकार याच मत्स्याशी जोडतात. महाभारताच्या शांतिपर्वात वराहरूपामुळे विष्णूला ‘एकशृंग’ म्हटले आहे. पृथ्वीला वर काढणारा सुळा हेच तेथे शिंग ठरते.

प्रत्यक्ष सृष्टीतला एकशिंगी प्राणी म्हणजे गेंडा. त्याचे संस्कृत नाव ‘खड्ग’. एकट्याने वावरणाऱ्या गेंड्याचा दृष्टांत पाली वाङ्मयातील ‘खग्गविसाण’ सुत्तात एकाकी भिक्षूला दिला आहे. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे लांछन गेंडा हेच आहे. धर्मशास्त्रात श्राद्धकर्मासाठी गेंड्याच्या शिंगाच्या पात्राला विशेष पवित्र मानले गेले.

गुजरातेत आज गेंडा नाही. पूर्वी मात्र होता. पूर्वी बडोदे संस्थानात असलेल्या मेहसाणा भागातील लांघणज येथे ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. तेथील अश्मयुगीन माणसांनी गेंड्याच्या खांद्याचे हाड ऐरणीसारखे वापरल्याचे आढळले. कच्छ-सौराष्ट्रातील काही हडप्पाकालीन स्थळांवरही त्याची हाडे मिळाली आहेत. त्या काळी तेथे पाणथळ गवताळ प्रदेश होता, याचा हा पुरावा समजला जातो.

ग्रीकांचे ‘भारतीय गाढव’

इराणच्या दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास भारतावर पुस्तक लिहिले. तो स्वतः भारतात कधी आला नव्हता. भारतात घोड्याएवढी मोठी रानगाढवे असतात, त्यांचे अंग पांढरे, डोके गडद तांबडे आणि डोळे निळे असतात, असे त्याने लिहिले. त्यांच्या कपाळावरचे शिंग मुळाशी पांढरे, मध्ये काळे व टोकाला लालभडक असते आणि त्याच्या पेल्यातून पाणी पिणाऱ्याला विषबाधा होत नाही, असेही तो सांगतो. यात गेंडा, रानगाढव आणि हरिण यांची ऐकीव सरमिसळ झालेली दिसते. शिंगाच्या पात्राची ख्याती मात्र भारतीय समजुतीशी जुळणारी आहे. नंतर मेगॅस्थनीसनेही भारतातील एकशिंगी प्राण्याचे वर्णन केले. ॲरिस्टॉटलने ‘भारतीय गाढव’ एका शिंगाचे म्हणून नोंदवले.

बायबलच्या ग्रीक भाषांतरात ‘रेम’ या हिब्रू नावाच्या रानबैलासाठी ‘एकशिंगी’ असा शब्द योजला गेला आणि या प्राण्याला धर्मग्रंथाची मान्यता मिळाली. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रचलेल्या ‘फिझिओलोगस’ या प्राणिकथांच्या ग्रंथात तो कसा पकडावा हेही आले. शिकाऱ्याच्या हाती न लागणारा हा प्राणी कुमारिकेपाशी मात्र आपण होऊन येतो आणि तिच्या मांडीवर डोके ठेवतो. ऋष्यशृंगाच्या कथेशी हे साम्य इतके उघड आहे की दोहोंत काही नाते असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटले. मध्ययुगीन युरोपने या कथेला ख्रिस्ताचे आणि कौमार्याचे रूपक केले. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातील, १५०० च्या सुमाराचे स्त्री आणि एकशृंग यांचे विणीव पडदे हे त्याचे सर्वांत देखणे रूप. स्कॉटलंडने तर त्याला आपले राजचिन्ह केले.

चांपानेरचा सुलतान, गोव्याचे बंदर

१५१४ च्या आरंभी पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याच्याकडे वकील पाठवले. दीव बेटावर किल्ला बांधण्याची परवानगी त्यांना हवी होती. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचे चांपानेर ही त्या काळी गुजरातची राजधानी होती. परवानगी मिळाली नाही. भेटींची देवाणघेवाण मात्र झाली. सुलतानाच्या भेटींत एक जिवंत गेंडा होता. आल्बुकेर्कने तो आपला राजा मानुएल पहिला याला पाठवायचे ठरवले. ‘गंडा’ हे त्याचे देशी नाव आणि ओसेम नावाचा त्याचा माहूत, असे दोघेही जानेवारी १५१५ मध्ये ‘नोसा सेन्योरा द आजुदा’ या जहाजातून गोव्याहून निघाले.

सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर, २० मे १५१५ रोजी, गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा प्रथमच पाहिला. हत्ती आणि गेंडा यांचे हाडवैर असते, हे प्राचीन लेखक प्लिनीचे विधान पडताळण्यासाठी राजाने दोघांना समोरासमोर आणले. हत्ती पळून गेला. बेलेमचा बुरूज तेव्हा बांधला जात होता. त्यावर कोरलेले गेंड्याचे मस्तक आजही आहे. वर्षाअखेरीस राजाने हा गेंडा पोप दहावे लिओ यांना भेट म्हणून रवाना केला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले आणि साखळदंडांत बांधलेला गेंडा पोहू न शकल्याने बुडून मेला.

तत्पूर्वी त्याचे वर्णन व एक रेखाटन जर्मनीतील न्यूरेंबर्गला पोहोचले होते. त्या आधारे आल्ब्रेख्ट ड्यूररने, प्रत्यक्ष प्राणी न पाहता, आपले प्रसिद्ध काष्ठमुद्राचित्र केले. चिलखतासारखी कातडी त्याने दाखवलीच. वर मानेच्या मुळाशी नसलेले एक छोटे पिळदार शिंगही जोडले. अठराव्या शतकापर्यंत युरोपच्या प्राणिग्रंथांत हेच चित्र प्रमाण मानले जाई.

गोव्याशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पणजीचे उद्यान त्याच्याच नावाचे आहे. गेंड्याचे शिंग विषावर उतारा म्हणून वापरतात आणि लोक त्यालाच एकशृंगाचे शिंग समजतात, या समजुतीची दखल ओर्ताने घेतली होती.

चीन, इराण आणि चिलोए बेट

चीनचा चीलिन हा हरणाच्या अंगाचा, खवल्यांचा आणि पुष्कळदा एका शिंगाचा मंगल पशू. सदाचारी राजाच्या काळीच तो प्रकट होतो, अशी श्रद्धा आहे. इ. स. पूर्व ४८१ मध्ये असा पशू पकडून मारला गेल्याच्या नोंदीपाशी कन्फ्यूशियसच्या नावे असलेला इतिहासग्रंथ थांबतो. १४१४ मध्ये बंगालच्या सुलतानाने मिंग दरबाराला आफ्रिकी जिराफ पाठवला, तेव्हा चिनी दरबाराने त्यालाच चीलिन मानून स्वागत केले. जपानी भाषेत आजही जिराफाला ‘किरिन’ म्हणतात.

पारशांच्या ‘बुंदहिश्न’ या ग्रंथात विश्वसागरात उभे असलेले तीन पायांचे शुभ्र गाढव येते. त्याच्या सोन्याच्या शिंगाने सागराचे पाणी शुद्ध राहते. बडोदे संस्थानातील नवसारी हे पारशी धर्मविद्येचे मोठे केंद्र होते, हे येथे आठवावे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या चिलोए बेटावरील कामाह्वेतो हा एकशिंगी वासरू जमिनीतून उगवतो आणि समुद्राकडे धावताना ओढे खोदत जातो. पाणी आणि एकच शिंग यांचा संबंध इतक्या दूरही जुळलेला दिसतो.

शिंगाची किंमत

एकशृंग कल्पनेतला असला तरी त्याच्या शिंगाचा व्यापार खरा होता. युरोपात शतकानुशतके ‘एकशृंगाचे शिंग’ म्हणून विकला जाणारा पिळदार दांडा हा उत्तर ध्रुवाकडील नारव्हाल या सागरी प्राण्याचा दात होता. डेन्मार्कच्या राजांचे राज्याभिषेकाचे सिंहासन अशाच दातांनी मढवलेले आहे. १६३८ मध्ये डॅनिश वैद्य ओले वोर्म यांनी त्याचे खरे स्वरूप उघड केले, आणि हळूहळू ती बाजारपेठ ओसरली.

गेंड्याच्या बाबतीत तसे झाले नाही. त्याचे शिंग केराटिन या द्रव्याचे असते. माणसाची नखे आणि केसही त्याचेच. तरीही त्याच्या औषधी गुणांवरील विश्वास आणि प्रतिष्ठेचा हव्यास यांमुळे त्याची चोरटी शिकार होत राहिली. सिंध-गुजरातपासून आसामपर्यंत वावरणारा भारतीय गेंडा गेल्या शतकाच्या आरंभी नष्ट होण्याच्या सीमेवर आला होता. काझीरंगा १९०५ मध्ये राखीव झाले आणि त्यानंतरच्या कठोर संरक्षणामुळे तो वाचला. २०२२ च्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे नोंदले गेले. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखात येथे सरकारी कोठारांत साठलेली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. या शिंगांना औषध म्हणून काहीही मोल नाही, हा संदेश त्यामागे होता.

क्टेसियसच्या विषहारक पेल्यापासून बोकाखातच्या चितेपर्यंत सुमारे चोवीसशे वर्षांचे अंतर आहे. या काळात एकशृंगाने पाऊस आणला, नौका तारली, राजमुद्रा सजवल्या आणि दूरदूरच्या रंगभूमीवर प्रवेश केला. त्याच्या नावावर खपलेल्या शिंगाची किंमत मात्र जिवंत प्राण्याने मोजली. गुजरातच्या ज्या गवताळ पाणथळींतून गेंडा नाहीसा झाला, तेथे आता त्याची हाडे उत्खननातच सापडतात. त्याच मातीतून निघालेल्या मुद्रांवर कोरलेला एकशृंग मात्र, चार हजार वर्षांनंतरही, आपल्या खांबावरच्या पात्रापुढे उभा आहे.